पक्ष्यांचं ताट कोण घासणार?

परवा बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या, म्हणजे औद्योगिक वसाहतीतल्या, माझ्या वर्कशॉपवर एक ओळखीचे काका आले. वडिलांच्या वर्षश्राद्धाला एकावन्न बर्ड फीडर वाटायचेत म्हणाले, डिझाइन मोबाइलवर तयारच होतं. अ‍ॅक्रिलिकची गोल थाळी, मध्ये दांडा, वर हुक, कडेला दोन इंच उभी भिंत आणि त्या भिंतीवर वडिलांचं नाव. मी विचारलं, काका पाणी कुठून निघणार? ते म्हणाले पाणी कशाला, दाणे ठेवायचेत ना. मग मी विचारलं धुणार कसं, दांडा तर चिकटवलेला आहे, कोपऱ्यात हात जाणार नाही. त्यावर म्हणाले, अरे पक्ष्यांना काय रे, ते तर रस्त्यावरचं पण खातात.

मला राग नाही आला त्यांचा, कारण 2019 च्या पावसाळ्यापर्यंत माझंही हेच मत होतं. तेव्हा जे झालं ते आज सगळं लिहितो, जरा मोठं होईल, पण ज्यांच्या गॅलरीत किंवा अगाशीवर असं काही लटकतंय त्यांनी वाचाच.

पत्र्याचं काम करतो मी, कटिंग, बेंडिंग, वेल्डिंग, वीस-बावीस वर्षं झाली. त्या वर्षी मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटसाठी उरलेल्या एसएस 304 म्हणजे स्टेनलेस स्टीलच्या तुकड्यातून एक ट्रे केला. दीड फूट बाय एक फूट, चारी बाजूंनी दोन इंच घडी, कोपरे वेल्ड करून बफिंग केलेले, एकदम चकाचक. रोज पाव किलो बाजरी टाकायचो. होले यायला लागले, कबुतरं तर यायचीच, चिमण्या कडेकडेने. बायको म्हणायची सकाळी गॅलरीत जत्रा भरते. आणि मला खरंच वाटायचं की आपण काहीतरी चांगलं करतोय.

मग जुलैत पाऊस लागला. ट्रेमध्ये पाणी साचायचं, मी ट्रे तिरका करून पाणी ओतून द्यायचो, खालची बाजरी फुगलेली असायची, तिच्यावरच नवीन बाजरी टाकायचो, वास यायचा पण पावसाळ्यात कशाला वास येत नाही. एका रविवारी एक होला ट्रेच्या कोपऱ्यात अंग फुगवून बसलेला दिसला, मी जवळ गेलो तरी उडाला नाही. चोचीच्या बाजूची पिसं ओली, लाळ गळत होती, दाणा उचलायचा, गिळायचा प्रयत्न करायचा आणि टाकून द्यायचा, परत उचलायचा, परत टाकायचा. मी तासभर बघत होतो, काय करावं कळेना. त्याने टाकलेला तोच दाणा दुसरा होला येऊन खात होता हेही मी बघितलं आणि तेव्हा त्याचा अर्थ मला कळला नाही. संध्याकाळी तो होला मेला. त्या आठवड्यात अजून दोन.

पक्षी वाचवण्याचं काम करणाऱ्या एका मुलीला दाखवला तेव्हा तिने चोच उघडून दाखवली, घशात पिवळट, पनीरच्या चुऱ्यासारखा थर. म्हणाली ट्रायकोमोनास असणार, एकपेशीय परजीवी असतो, कबुतरं-होले यांच्यात खूप, लाळेतून पसरतो, एकाने टाकलेला दाणा दुसऱ्याने खाल्ला की झालं. आणि मग म्हणाली, काका, हा कोरड्यात टिकत नाही, ओल मिळाली की टिकतो. एवढंच बोलली. मी त्या चकाचक ट्रेकडे बघितलं, चारी कोपरे वॉटरटाइट, मीच वेल्ड केलेले.

एका भोकाचा प्रश्न होता. पाणी निघून गेलं असतं तर बाजरी वाळली असती.

तेव्हापासून मी याविषयी मिळेल ते वाचतो. इंग्लंडमध्ये तर बागेत पक्ष्यांना खायला घालायची केवढी मोठी हौस, तिथे 2005 पासून याच रोगाने ग्रीनफिंच नावाचा साधा, घराघरात येणारा पक्षी इतका मेला की 2021 मध्ये त्यांनी त्याला धोक्याच्या लाल यादीत टाकलं. आणि जानेवारी 2025 मध्ये आरएसपीबीने, म्हणजे तिथली पक्ष्यांसाठी काम करणारी सगळ्यात मोठी संस्था, स्वतःच्या दुकानातून सपाट फीडर विकणंच थांबवलं. विचार करा, जे लोक स्वतः खायला घाला म्हणून सांगत होते त्यांनी स्वतःचा माल काढून घेतला, कारण सपाट जागेवर दाणे, लाळ आणि विष्ठा एकत्र येतात.

आपल्याकडे काय होतं तर लगेच दोन पार्ट्या पडतात. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर ताडपत्री टाकली तेव्हा बघितलंत ना, एक बाजू म्हणते जीवदया, दुसरी म्हणते फुप्फुसाचे आजार. आजार खोटा नाही, कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या धुळीने काही लोकांच्या फुप्फुसाला कायमची इजा होते. दयाही खोटी नाही. पण किती दाणे, किती पक्ष्यांसाठी, कोणत्या भांड्यात आणि ते भांडं कोण धुणार, हे कुणी विचारलेलं मला तरी दिसलं नाही. गोण्याच्या गोण्या चण, म्हणजे पक्ष्यांचे दाणे, रस्त्यावर ओतायची आणि निघून जायचं याला मी खायला घालणं म्हणत नाही. घरी पाहुण्याला कालच्या खरकट्या ताटात वाढतो का आपण?

आमची आजी दांडिया बाजारच्या घरी जेवायला बसली की ताटाभोवती चित्राहुती घालायची, जेवण झालं की ती पाच-सहा शितं आणि वर अर्धी मूठ भात ओट्यावर नेऊन ठेवायची. चिमण्या-कावळे दहा मिनिटांत साफ करायचे, मग ती ओटा धुवायची. रोज. मला लहानपणी वाटायचं एवढंसं काय देते ही, आता कळतं की माप बरोबर होतं, दहा मिनिटांत संपेल एवढंच. आणि इथले पक्ष्यांना दाणे घालायचे जुने चबुतरे बघा. एका खांबावर उंच, वर छत्री, छपराच्या वळचणी बाहेर आलेल्या. खांबावर मांजर चढत नाही, वळचणीमुळे पाऊस आत येत नाही. लोक फोटो काढतात ते नक्षीचे, मी खांब आणि वळचण बघतो. ज्याने केलं त्याने मांजर आणि पाऊस दोन्हीचा विचार करून केलं होतं.

तर ट्रेवर येतो. मी पुढे पाच-सहा प्रकार करून बघितले. आधी त्याच ट्रेला चार एमएमची भोकं पाडली, बाजरी गळून गेली. मग दोन एमएमची पाडली तर पाणीच अडकून राहायला लागलं, बारीक भोकात पाण्याचा थेंब पडद्यासारखा धरून राहतो, वर दाण्याचा चिकटा बसला की भोक बंद. शिवाय मे महिन्यात बडोद्यात 42-43 डिग्री होतं तेव्हा पत्र्याचा तवा होतो, दुपारी मी हात ठेवू शकलो नाही तर चिमणीचे पाय काय ठेवणार. लाकडी केला, तो फुगला, फटीत बुरशी आली, खारीने एक कोपरा कुरतडला तो वेगळाच. जीआय पत्रा वापरू नका, त्यावरचं जस्त पक्ष्यांच्या पोटात गेलेलं चांगलं नाही.

आणि मग एक दिवस बायको रवा चाळत होती. चाळण! स्टीलची रव्याची चाळण. पाणी पडलं की थेट खाली, हवा खालून-वरून दोन्हीकडून, जाळी पातळ म्हणून पत्र्यासारखी तापून राहत नाही, बाजरी गळत नाही, राळाही फारसा नाही. मंगल बाजारात कुठल्याही भांड्याच्या दुकानात मिळते. फक्त तिची भिंत उंच असते, पक्षी खाली मान घालून खातो तेव्हा त्याला आजूबाजूचं दिसायला पाहिजे, शिक्रा येतो, मांजर येते, नाहीतर तो घाबरत खातो. म्हणून भिंत कापून एक इंच ठेवायची, कापलेली धार आत दुमडून चपटी करायची, बर, म्हणजे टोचरी कड, राहू द्यायची नाही, बोटाने फिरवून बघायचं. आणि जाळीची तार एकही तुटलेली नको, नख अडकून पाय मुरगळतो. चाळण एका साध्या गोल रिंगमध्ये नुसती ठेवायची, स्क्रू नको, चिकटवणं नको, उचलली की सिंकमध्ये. दोन चाळणी ठेवायच्या, एक वापरात, एक धुऊन उन्हात. आठवड्यातून एकदा एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, दहा मिनिटं, मग भरपूर पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून. पावसाळ्यात आठवड्यातून दोनदा. हातमोजे घालून, आणि स्वयंपाकाच्या भांड्यांचा ब्रश नाही, वेगळा.

टांगायला दोरी कोणती हेही सांगतो कारण मी एका अगाशीवर उत्तरायणाचा उरलेला मांजा वापरलेला बघितलाय. असं करू नका हो. जानेवारीत दरवर्षी करुणा अभियानात, म्हणजे गुजरात सरकारच्या जखमी पक्षी वाचवण्याच्या मोहिमेत, किती पक्षी पंख कापलेले येतात ते एकदा जाऊन बघा. जाड सुती दोरी किंवा साखळी. आणि खिडकीची काच असेल तर ट्रे काचेपासून तीन फुटांच्या आत लावा नाहीतर तीस फूट लांब, मधलं अंतर सगळ्यात वाईट, दचकून उडालेला पक्षी तेवढ्यात वेग घेतो आणि काचेतल्या झाडावर जाऊन आदळतो.

कबुतरांचं काय, सगळे विचारतात. मी चाळणीभोवती दीड इंच चौकोनी जाळीचा पिंजरा बसवला, चिमणी आणि मुनिया आत जातात, कबुतर बाहेर फिरून निघून जातं. काहींना हा दुजाभाव वाटतो. मला नाही वाटत, शहरात कबुतराला एसीच्या मागे घर आहे, दुकानाबाहेर दाणे आहेत, त्याची संख्या वाढतेच आहे. चिमणीला आपण घर बांधताना एक फट ठेवली नाही. आणि चिमणीसाठी नुसती बाजरीही पुरत नाही, पिल्लांना ती किडे भरवते, अळ्या भरवते, म्हणून कुंडीत मेंदी-मधुमालती लावा आणि औषध फवारू नका. बुलबुल, साळुंकी यांना दाण्यांत फार रस नसतो, पपईची फोड, पेरू, खिळ्याला नाही तर लाकडी काडीला खोचून ठेवा. खारीला वेगळी जागा द्या, साली सकट दोन-चार कच्चे शेंगदाणे, खारे नाहीत. शेव, गाठिया, फाफड्याचा चुरा, पाव हे कुणालाच नको.

शेंगदाण्यावरून आठवलं. ऑगस्ट 2024 च्या विश्वामित्रीच्या पुरानंतर किती घरांत धान्य भिजलं आपल्याला माहितीये, आमच्या सोसायटीत खालच्या मजल्यावरच्यांनी बुरशी आलेला गहू आणि शेंगदाणे "टाकून कशाला द्यायचे, पक्ष्यांना घाला" म्हणून गच्चीवर पसरले होते. मी हात जोडून ते उचलायला लावले. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये बुरशी आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने एक लाखाच्या वर टर्की मेल्या, त्यातूनच अफ्लाटॉक्सिन हे विष सापडलं. म्हणजे हे विष माणसाला माहीत झालं तेच पक्ष्यांच्या जिवावर. जे आपण खाणार नाही ते त्यांना वाढायचं नाही, एवढा साधा नियम आहे.

गायींचंही तेच. संक्रांतीला घुगरी आणि लाडू एकाच गायीला अख्खी पोळ, म्हणजे गल्ली, खायला घालते, पोटात आम्ल वाढून ती फुगते, आणि संध्याकाळी डॉक्टरला फोन. प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या पोळ्या तर त्याहून वाईट. गायीला चारा द्या, रुंद बुडाच्या सिमेंटच्या कुंडीत पाणी द्या.

पाण्याचं कुंडं ठेवताना दोन इंचापेक्षा खोल नको, आत एक खडबडीत दगड, आणि रोज पाणी बदलताना आतली भिंत घासायची. नुसतं ओतून भरलं तर डेंग्यूच्या डासाची अंडी भिंतीला चिकटलेली तशीच राहतात, वाळली तरी कित्येक महिने जगतात.

काकांना हे सगळं सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले, चहा गार झाला त्यांचा. मग म्हणाले, एकावन्न लोक धुणार नाहीत रे. मी म्हटलं मग जे धुणार आहेत त्यांनाच द्या. वडील रोज सकाळी मूठभर ज्वारी घेऊन गच्चीवर जायचे, जाताना हातात झाडू असायचा, हे त्यांनीच मग सांगितलं. अकरा चाळणी ठरल्यात, प्रत्येकीबरोबर एक ब्रश आणि एक जास्तीची चाळण. नाव टाकायचं का विचारलं तर म्हणाले रिंगच्या खालच्या बाजूला टाक, धुताना दिसेल.

मांजलपूर, मकरपुरा, तरसाली बाजूला कुणी राहत असेल आणि घरात जुनी स्टीलची चाळण पडली असेल, जाळी धड असली पाहिजे, तर रविवारी सकाळी घेऊन या, कमेंटमध्ये सांगून या म्हणजे मी असेन. भिंत कापून धार दुमडून देतो, पैसे नकोत. लाकडी हँडलवाली आणू नका, ती वाळत नाही.