जुना सोनी ए-नाइन अगदीच बाद नाही

सोनीचा २०१७ चा ए-नाइन कॅमेरा आता घेऊच नका, सरळ नवा ए-नाइन थ्री घ्या असं एका लेखात लिहिलंय ते मला पटत नाही. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे, बॅटरी पण तीच, आणि नाशकात लग्नाचे फोटो काढणाऱ्या पोरांना जुन्याच्या सेकंदाला २० फ्रेम भरपूर होतात हो, थ्रीच्या १२० फ्रेमचे फोटो निवडत कोण बसणार? हॉलमधल्या कमी लाइटात तर जुनाच थोडा बरा वाटतो, कारण थ्रीचा बेस आयएसओच (प्रकाश टिपण्याची सगळ्यात खालची मूळ पातळी) २५० पासून सुरू होतो आणि वर गेलं की नॉइज, म्हणजे फोटोतले दाणे, जरा जास्त दिसतो.

पण थ्रीची एक गोष्ट खरीच जबरदस्त आहे, ग्लोबल शटर, म्हणजे अख्खी फ्रेम ओळीओळीने न टिपता एकदमच टिपली जाते. स्टेजमागच्या एलईडी वॉलचे पट्टे जुन्यात सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटरला येतात, आणि त्या शटरला फ्लॅश चालतच नाही, मेकॅनिकलला गेलं की सेकंदाला ५ च फ्रेम आणि सिंक, म्हणजे फ्लॅश चालेल असा सगळ्यात जास्त शटर स्पीड, १/२५० सेकंदावर अडकतो. थ्रीमध्ये फ्लॅश कुठल्याही स्पीडला चालतो. रंगपंचमीला भर उन्हात रहाडीत (रंगाच्या पाण्याच्या जुन्या हौदात) धप्पा मारणाऱ्याचा, म्हणजे उडी टाकणाऱ्याचा, फोटो फ्लॅश टाकून काढायचा असेल तर तिथे जुना कमीच पडणार. असं काम रोज असेल तरच थ्री घ्या, नाहीतर जुना घेऊन उरलेल्या पैशात चांगली ८५ एमएमची लेन्स घ्या. सेकंडहँड घेताना मेकॅनिकल शटर किती चाललंय ते मात्र नक्की बघा.