आम्ही कुणासाठी थांबत नाही

सकाळी साडेसातला फोन हातात घेतला आणि तेव्हापासून डोकं फिरलंय. आता रात्रीचे दहा वाजत आलेत, दिवसभरात प्रयोगशाळेतलं एक काम धड झालेलं नाही, म्हणून शेवटी इथे लिहून टाकते. लांब होणार आहे.

इथे स्कॉटलंडमध्ये शिकायला आलेल्या आम्हा परदेशी विद्यार्थ्यांचा डोंगरात भटकणारा एक ग्रुप आहे. वेगवेगळ्या देशांची मुलं, दर सप्टेंबरला नवी भर पडते. काल रात्री अशाच एका नव्या मुलीनं ग्रुपवर विचारलं, "मी आधी कधी डोंगर चढलेली नाही. शनिवारी आले तर चालेल का?" त्यावर आमच्यातल्या एका जुन्या मुलानं लिहिलं, "चालेल. पण वेग ठेवावा लागेल. आम्ही कुणासाठी थांबत नाही." त्याखाली अकरा अंगठे. मी सकाळी पाहिलं तेव्हा त्या मुलीच्या प्रश्नाच्या जागी 'हा मेसेज डिलीट केला आहे' एवढंच उरलं होतं.

त्याच्या उत्तरानं राग आला, पण त्या पुसलेल्या प्रश्नानं पोटात तुटलं. कारण दोन वर्षांपूर्वी ती मुलगी मी होते. मी विचारलं नव्हतं, तशीच गेले होते, एवढाच फरक.

डोंगर होता बेन मॅकडुई. केर्नगॉर्म्स नावाच्या इथल्या डोंगररांगेतला, १३०९ मीटर, ब्रिटनमध्ये उंचीत दुसरा. हा आकडा ऐकून कुणाच्याच तोंडचं पाणी पळत नाही, माझंही पळालं नव्हतं. शिवाय पायथ्याच्या एव्हिमोर गावाहून स्की सेंटरपर्यंत बस जाते, म्हणजे जवळपास निम्मी उंची बसमध्ये बसूनच होते. फसगत तिथेच होते. इथले डोंगर टोकदार नाहीत. धापा टाकत वर पोचावं तर समोर दगडधोंड्यांचं अफाट पठार पसरलेलं असतं. एक झाड नाही, एक कुंपण नाही, आणि वाट मध्येच दगडांत विरून जाते. याच पठाराच्या उत्तर टोकाला केर्न गॉर्मच्या माथ्यावर २० मार्च १९८६ रोजी ताशी १७३ मैल वेगाचा वारा मोजला गेला होता, म्हणजे ताशी २७८ किलोमीटर. आम्ही गेलो त्या दिवशी वारा त्याच्या पासंगालाही नव्हता, तरी मला बोलताना शब्द तोंडातून उडून गेल्यासारखे वाटत होते.

आम्ही नऊ जण होतो आणि पहिल्या अर्ध्या तासातच मी नववी झाले.

आता हे नीट सांगते, कारण जे कायम पुढे असतात त्यांना हे खरंच ठाऊक नसतं. पुढची मुलं एखाद्या दगडापाशी थांबत. पाणी पीत, फोटो काढत, सँडविच खात, पाठीवरची सॅक उतरवून दहा मिनिटं बसत. मी खालून त्यांना बघत बघत चढायचे. माझ्या मनात एकच, तिथवर पोचले की बसायचं. मी पोचायचे, कुणीतरी "आली, आली!" म्हणायचं, आणि सगळे उठून सॅक पाठीला लावायचे. "चला?" मी पण मान हलवायचे. असं पाच वेळा झालं. जिला सगळ्यात जास्त धाप लागली होती तिला त्या दिवशी सगळ्यात कमी विश्रांती मिळाली, आणि जे ताजेतवाने होते ते तासभर बसले. कुणी दुष्टपणानं केलं नव्हतं. सगळ्यांना मनापासून वाटत होतं की आम्ही तिच्यासाठी थांबतोय. पाचव्या वेळी मला पाणीही प्यायचं होतं, पण बाटली सॅकमध्ये होती आणि सॅक उतरवायची म्हणजे आठ जणांना पुन्हा खोळंबून ठेवायचं. मग नाहीच प्यायले. आणि 'आम्ही कुणासाठी थांबत नाही' असं ज्यांना अभिमानानं सांगावंसं वाटतं, त्यांच्या लेखी तो दिवस म्हणजे थांबण्याचा कळसच असणार!

नोव्हेंबरचा पहिला शनिवार होता. हिवाळ्यासाठी इथली घड्याळं आदल्याच आठवड्यात एक तास मागे गेली होती आणि सूर्य साडेचारच्या आत मावळणार होता. इथे डोंगरात जाणारे नेस्मिथचा नियम शिकवतात. १८९२ सालचा हिशेब आहे तो: दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाईला आणखी एक तास. आमची सतरा-अठरा किलोमीटरची वाट या हिशेबानं पाच तासांत व्हायला हवी होती. आम्ही दहाला निघालो, म्हणजे तीनला परत. छान. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. आमच्या नऊ जणांत आठांचा हिशेब केला गेला आणि नववीचा कुणी केलाच नाही. मीही नाही केला. कारण मला तो नियमच माहीत नव्हता, आणि ज्यांना माहीत होता त्यांनी मला एका शब्दानं विचारलं नाही की बाई गं, तू याआधी किती चालली आहेस.

माथ्यावर पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. फोटो आहे तो. त्यात मी हसतेय. परत निघालो आणि अर्ध्या तासात ढग खाली उतरला. केर्नगॉर्म्समधला ढग ज्यांनी पाहिला नाही त्यांना कसं सांगू, तो येताना दिसत नाही, तो असतोच. पुढच्याची लाल सॅक दिसत होती, मग तिचा नुसता रंग दिसत होता, मग काहीच नाही. मी हाक मारली. वाऱ्यानं ती माझ्याच तोंडात परत कोंबली.

वीस मिनिटं. मी एका दगडांच्या ढिगापाशी उभी राहिले. उत्तरेला हिमनद्यांनी कोरलेले उभे कडे आहेत एवढं सकाळी कुणाच्या तरी बोलण्यात ऐकलं होतं आणि उत्तर कुठे ते कळत नव्हतं. हातमोजे ओले झाले होते. फोनला रेंज नव्हती. माझ्या सॅकच्या छातीवरच्या पट्ट्याच्या बक्कलमध्येच शिट्टी असते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मिनिटाला सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. तोंडापासून वीतभर अंतरावर शिट्टी होती आणि मी घसा फुटेस्तोवर ओरडत होते. ही गोष्ट आजही आठवली की मला त्या सगळ्यांचा राग येतो, कारण नव्या माणसाला हे सांगायला अर्धं मिनिट लागतं.

बेन मॅकडुईची एक जुनी दंतकथा आहे. नॉर्मन कॉली नावाचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि नावाजलेले गिर्यारोहक १८९१ साली एकटे त्या माथ्यावरून धुक्यात उतरत होते. त्यांना मागून दगडांवर पावलं वाजल्यासारखी ऐकू आली. त्यांच्या तीन-चार पावलांमागे एक, जणू कुणी प्रचंड ढांगा टाकत मागून येतंय. ते घाबरून जे पळत सुटले ते खाली जंगलापर्यंत थांबले नाहीत, आणि ही गोष्ट त्यांनी जाहीरपणे सांगितली ती १९२५ साली. तेव्हापासून तिथला 'करडा माणूस' प्रसिद्ध आहे. मला ही कथा खाली आल्यावर कळली. त्या वीस मिनिटांत मला कुणाचीच पावलं ऐकू येत नव्हती. एखादं भूत जरी मागून चालत आलं असतं तरी मी त्याचा हात धरला असता.

आला तो आमच्यातलाच हंगेरीचा मुलगा. भूगर्भशास्त्र शिकणारा, दिवसभरात माझ्याशी दोन वाक्यंही न बोललेला. त्यानं मोजणी केली होती, आठच भरले होते, आणि बाकीच्यांना एका जागी बसवून तो होकायंत्र घेऊन उलटा आला होता. "कुठे होतीस" म्हणाला नाही, "लवकर चल" म्हणाला नाही. माझी सॅक उतरवायला लावली, पाणी दिलं, स्वतःचे कोरडे हातमोजे दिले, मला बसवलं आणि स्वतः उभा राहिला. मग म्हणाला, "तू पुढे हो. मी मागे आहे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. वाट मला माहीत नाही, आणि मी पुढे? पण तो मागून नुसतं "थोडं डावीकडे", "आता सरळ" सांगत राहिला. माझा वेग तोच त्याचा वेग. मी थांबले की तोही थांबायचा, सॅक न उतरवता. माझ्या प्रत्येक पावलामागे त्याचं पाऊल दगडावर वाजत होतं आणि मी त्या आवाजावर चालत खाली आले. शेवटचा तास अंधारात, टॉर्चच्या उजेडात. बाकीच्यांपाशी पोचलो तेव्हा त्यानं त्यांनाही सांगितलं, ही पुढे चालेल. आणि आठच्या आठ माणसं माझ्या मागे रांगेनं उतरली.

म्हणून मला 'वेग ठेवावा लागेल' हे वाक्य सहन होत नाही. कुणाचा वेग?

हो, थांबल्यावर पुढच्यांना थंडी वाजते, घाम अंगावर गार होतो, मान्य आहे. नवख्यांनी आपली तयारी खोटी सांगू नये, तेही मान्य. पण त्या मुलीनं खोटं कुठे सांगितलं? ती खरं बोलली आणि तेवढ्यासाठी तिला दार दाखवलं गेलं. पुढच्या वेळी ती काय करेल? गप्प बसेल आणि येईल. माझ्यासारखी.

आणि एक गोष्ट लिहावी की नाही असा विचार दुपारपासून करतेय. लिहितेच. नोव्हेंबर १९७१ मध्ये याच पठारावर एडिनबराच्या एका शाळेची मुलं आली होती. त्यांचे दोन गट केले होते, दमदार मुलं एकात, कमी दमाची दुसऱ्यात. हिमवादळ आलं. दमदार गट निवाऱ्याला पोचला. दुसरा गट दोन रात्री उघड्यावर राहिला आणि पाच मुलं व त्यांच्यासोबतची १८ वर्षांची शिकाऊ सहायक गेली. वादळ कुणाच्या हातात नव्हतं, आणि मी कुणाला दोष द्यायला बसलेली नाही, त्या घरांचं दुःख माझ्या पोस्टसाठी नाही. पण आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांना ही घटना माहीत आहे. मागच्या वर्षी शेकोटीपाशी बसून आम्हीच एकमेकांना सांगितली होती, सगळे सुन्न झालो होतो. त्यातलेच लोक आज अंगठे दाखवतात? अकरांपैकी दोघं तर त्या दिवशी मॅकडुईवर माझ्या मागून उतरले होते!

इथे डोंगरावर तिकीट नाही, फाटक नाही, कुणी नाव लिहून घेत नाही. २००३ च्या कायद्यानं इथल्या बहुतेक रानावनात, डोंगरात कुणालाही जबाबदारीनं फिरायचा हक्क दिलाय. मला या देशाची ही गोष्ट सगळ्यात प्रिय आहे. अडकलात तर ९९९ फिरवून पोलीस मागायचे आणि माउंटन रेस्क्यू म्हणायचं. मग आपापली नोकरी, जेवणाचं ताट सोडून स्वयंसेवक निघतात, रात्री, बर्फात, एक पैसा न घेता, आणि ज्याला कधी पाहिलेलंही नाही अशा माणसासाठी. आणि आपण आपल्या बरोबर आलेल्या मुलीसाठी थांबत नाही?

थोडं पाणी पिऊन आले.

ग्रुपवर ते उत्तर लिहिणारा मुलगा वाईट नाही. मी खोली बदलली तेव्हा चार मजले माझी पुस्तकं त्यानंच वाहिली होती. गेल्या हिवाळ्यात मी तापानं पडले तेव्हा रोज दारात काहीतरी ठेवून जायचा. त्याला डोंगर फार आवडतात, उजेड कमी असतो, शनिवार एकच असतो, आणि कुणीतरी मागे राहिलं की त्याचं शिखर हुकतं, हे मला कळतं. कदाचित त्याच्यासाठी आजवर कुणाला थांबावंच लागलं नसेल. त्याच्याशी मी उद्या समोरासमोर बोलणार आहे, ग्रुपवर नाही.

त्या मुलीला मात्र मी संध्याकाळी वेगळा मेसेज केला. लिहिलं की शनिवारी तू आणि मी दुसरीकडे जाऊ, ग्लेनमोरला. तिथे म्यॉल अ वूखिल नावाचा डोंगर आहे, ८१० मीटर, नावाचा अर्थ गुराख्याची टेकडी. सगळी फेरी साधारण नऊ किलोमीटर. आधी जंगलातून जायचं, वाटेत एक हिरव्या पाण्याचं तळं लागतं, पऱ्या तिथे त्यांचे हिरवे कपडे धुतात म्हणून ते पाणी हिरवं, असं इथले लोक सांगतात. मग रायव्होनची दगडी झोपडी आहे. तिला इथे बॉथी म्हणतात, कुणीही आत जाऊन टेकावं. तिथे बसू, हवा तितका वेळ. माथा झाला तर झाला. नेस्मिथच्या हिशेबानं तीन तास होतात, मी सहा धरलेत. आणि लिहिलं की पुढे तू चालायचंस.

तासाभरात निळी टिक आली होती, उत्तर नव्हतं. मला वाटलं गेली बिचारी, आता नाही यायची. हंगेरीच्या त्या मुलालाही कळवलं, तो आता इथून दूर नोकरी करतो. त्याचं लगेच उत्तर आलं, "तिला शिट्टी दाखव."

हे सगळं लिहीत असतानाच आत्ता फोन वाजला. तिचा मेसेज आहे. विचारतेय, बूट भाड्यानं कुठे मिळतात.

थांबते इथेच, तिला उत्तर द्यायचंय.