‘दोन तासांत गंज कायमचा गायब’: टेंपोखाली शिरण्याआधी हे वाचा

गेल्या आठवड्यात आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर ‘गॅरेजवाल्यांचे धाबे दणाणले! जुन्या ट्रकचा गंज घरच्या घरी, पाचशे रुपयांत, दोन तासांत कायमचा घालवा’ अशा शीर्षकाचा एक संदेश आला. असले संदेश मी सहसा उघडत नाही. परंतु दोनच दिवसांनी हर्णैचा माझा मामेभाऊ फोनवर म्हणाला, ‘‘दादा, ॲसिड नि ब्लीचिंग आणून ठेवलंय, रविवारी गाडीखाली शिरतो,’’ आणि मला तो संदेश शोधून अथपासून इतिपर्यंत वाचावा लागला. त्याची गाडी म्हणजे जुना टाटा ४०७ टेंपो. वर्षभर बर्फात भरलेली मासळी आणि चैत्र-वैशाखात आंब्याच्या पेट्या वाहणारा. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे: संडास धुण्याचे ॲसिड ब्लीचिंग पावडर घालून गंजावर लावावे आणि न धुता वाळू द्यावे, वर ऑइलपेंटचे दोन जाड हात द्यावेत, चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या पोलादी सांगाड्याला, भोक असेल तर फायबर आणि पुट्टीने बुजवावे, केबिनचा पत्रा कोल्ड्रिंकने पुसावा, आणि शेवटी गाडीच्या पोटाला जळके ऑइल फासावे. मी आयटीआयमध्ये बावीस वर्षे वेल्डिंग शिकवले आहे, त्यामुळे यातले काय चालते आणि काय माणसाच्या जिवावर बेतते हे सांगण्याचा थोडा अधिकार मला आहे असे मी समजतो.

ब्लीचिंग पावडरपासूनच सुरुवात केली पाहिजे, कारण बाकीच्या मुद्द्यांनी गाडीचे नुकसान होईल, या एका मुद्द्याने माणसाचे होईल. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असते. ते ब्लीचिंग पावडरवर पडले की क्लोरीन वायू सुटतो; पहिल्या महायुद्धात, १९१५ च्या एप्रिलमध्ये, बेल्जियममधल्या ईप्रच्या रणभूमीवर सैनिकांवर सोडला होता तोच. हा वायू हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड असल्यामुळे वर निघून न जाता खालीच साचतो, आणि चासीचे काम करणारा माणूस नेमका खाली, जमिनीला पाठ टेकून, तोंड वर करून पडलेला असतो. माझा भाऊ हे सगळे तीन बाजूंनी बंद असलेल्या शेडमध्ये करणार होता, आणि त्या शेडला लागूनच मामी दुपारी आमसुले निवडत बसतात ती पडवी आहे. ‘‘जोर वाढवण्यासाठी एक मूठ ब्लीचिंग’’ असे लिहिणाऱ्याने ते स्वतः एकदा तरी करून पाहिले असते, तर दुसऱ्यांदा लिहायला तो धडधाकट राहिला असता की नाही याची मला शंका आहे.

ब्लीचिंग वगळून नुसते ॲसिड लावले तर? गंज निघतो, हे खरे. फोटोत पत्रा चकचकीतही दिसतो. पण तो गंज नाहीसा झालेला नसतो, त्याचे लोहाचे क्लोराइड झालेले असते, आणि हे क्लोराइड हवेतली ओल ओढून घेऊन पुन्हा आम्लच तयार करते. सपाट पत्र्यावरून ते भरपूर पाण्याने धुता येईल. पण जिथे दोन पत्रे एकावर एक बसवलेले असतात, जिथे क्रॉस मेंबर (आडवा दांडा) चासीला रिव्हेटने जोडलेला असतो, त्या सांध्यांत शिरलेले ॲसिड कोणत्याही नळीने बाहेर निघत नाही. तिथे ते आतून खात राहते, गंज फुगून मूळ लोखंडाच्या कित्येक पट जागा मागतो आणि शेवटी रिव्हेट उचलले जातात. शिवाय त्याच्या वाफेने शेडमधले पाने आणि पकडीसुद्धा आठवड्यात तांबड्या होतात. संदेशात तर ‘न धुता वाळू द्या, त्याचाच संरक्षक थर बनतो’ असे लिहिले आहे! संरक्षक थर बनतो तो फॉस्फोरिक आम्लाने, कारण त्यातून लोहाचे फॉस्फेट तयार होते. किंवा टॅनिनने, आणि आपल्या हिरड्यात ते भरपूर असते. हिरडा आणि हिराकस (लोहाचा क्षार) यांची काळी शाई पूर्वी याच रसायनावर बनत असे. बाजारात मिळणारी गंज-परिवर्तक द्रावणे यांपैकीच एका तत्त्वावर चालतात, आणि तीही पापुद्रे काढून टाकल्यावर उरलेल्या, घट्ट बसलेल्या पातळ गंजावरच. पोळीसारख्या सुटणाऱ्या गंजावर ती ओतणे म्हणजे पैसे ओतणे होय.

इथे कोकणाचा प्रश्न येतो, आणि बहुधा कोरड्या मुलखात बसून लिहिलेल्या त्या संदेशाला त्याची गंधवार्ताही नाही. पावसाळ्यात आपल्या स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीला पाणी सुटते. हवेची सापेक्ष आर्द्रता साधारण पंचाहत्तर टक्क्यांवर गेली की मीठ ओल ओढू लागते, आणि समुद्राच्या मिठातली मॅग्नेशियमची क्षारे त्याहून कितीतरी कमी आर्द्रतेलाही ओढतात. मासळीच्या टेंपोची चासी ही तशीच एक बरणी आहे: वितळलेल्या बर्फाचे खारे पाणी हौद्याच्या फळ्यांतून गळते, चासीच्या आतल्या कडेवर साचते आणि कधीच पुरते वाळत नाही. धातू गंजण्याच्या वेगानुसार वातावरणाचे वर्गीकरण करणारे आयएसओ ९२२३ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्यानुसार ‘सी ५’ श्रेणीत साध्या पोलादाची पहिल्या वर्षी ८० ते २०० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडी जाते. ‘सी २’ या सौम्य श्रेणीत हाच आकडा १.३ ते २५ मायक्रॉन आहे. सी ५ ची उदाहरणे देताना ते मानक किनारी प्रदेशाबरोबर ‘किनाऱ्यावरच्या आडोशाच्या जागा’ असा वेगळा उल्लेख करते, कारण आडोशाला बसलेले मीठ पावसाने धुतले जात नाही. गाडीचे पोट म्हणजे हाच आडोसा. केबिनचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरच्या आसपास असतो हे लक्षात घेतले, की ‘कायमचा’ या शब्दाची किंमत कळते.

म्हणूनच मीठ तसेच ठेवून वर ऑइलपेंट देण्यात अर्थ नाही. रंगाच्या थरातून पाण्याची वाफ थोडीथोडी आत जातच असते. खालचे मीठ ती ओढून घेते, रंगाला फोड येतात आणि फोडाखाली गंज सुखाने वाढतो. गंज पोलादी ब्रशने आणि ग्राइंडरने खरवडून, गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन (वैशाखात किनाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी मचूळ होते, ते वापरू नये), पत्रा वाळवून एक रात्र उघडा ठेवावा. सकाळी खड्ड्याखड्ड्यांत तांबडे ठिपके उमटले, तर मीठ अजून आत आहे असे समजून पुन्हा धुवावे. प्राइमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, देताना लोखंडाचे तापमान दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतली वाफ दव होऊन बसते त्यापेक्षा) निदान तीन अंश जास्त असावे लागते. आपल्याकडे याचा व्यवहारातला अर्थ असा, की मृगापासून दसऱ्यापर्यंत हे काम काढू नये आणि थंडीतही दव उडून पत्रा कोमट झाल्याशिवाय ब्रश उचलू नये. दोन तासांत यातली पहिली धुणीसुद्धा नीट होत नाही.

चासीचे भोक पुट्टीने बुजवण्याविषयी मला सभ्य भाषेत फार लिहिता येणार नाही. पुट्टी ही पत्र्यातला खड्डा सपाट दिसावा म्हणून असते. ती भार पेलत नाही, उलट स्पंजासारखी ओल धरून ठेवते. भरलेला ४०७ कुंभार्ली घाट चढताना चासीच्या वरच्या आणि खालच्या पट्टीवर सर्वांत जास्त ताण येतो, आणि भोक तिथे असेल तर ते रंगाखाली लपवणे हा गुन्हा मानावा या मताचा मी आहे. हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड आहे, बद्द आवाज आला तर गंज आहे. गंजलेला भाग चांगल्या लोखंडापर्यंत कापून त्याच जाडीचा तुकडा बसवावा लागतो आणि पट्टीला आडवा, सरळ वेल्ड टाळावा लागतो, कारण तडा तिथूनच सुरू होतो. चासीचे हे काम घरी करू नये. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते, परंतु तपासणीत पुट्टी खपून गेली म्हणून ती घाटात खपेल असे नाही.

कोलासारख्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल असते, एवढेच खरे. ते इतके थोडे असते की पत्र्यापेक्षा मुंग्यांचाच फायदा अधिक. जळक्या ऑइलबाबत मात्र अर्धे सत्य नाइलाजाने मान्य करावे लागते. त्याने पाणी काही महिने दूर राहते आणि आपल्याकडच्या कित्येक गाड्या त्यावर तगल्या आहेत. पण त्यात इंजिनातली आम्ले आणि धातूंची भुकटी असते, ते रबरी बुश खराब करते, ब्रेकवर उडते, पावसात निथळून विहिरीच्या वाटेला लागते, आणि नंतर त्या जागी कोणताही रंग धरत नाही. चासीच्या पोकळ भागांत घट्ट बसणारे मेण किंवा ग्रीस हेच काम अधिक नीट करते.

आणि गॅरेजवाले गंजावरच पुट्टी थापून पैसे घेतात ही संदेशाची तक्रार? काही जण घेतात, मी पाहिले आहे. केबिनची जमीन, दरवाजांचे खालचे काठ, हौद्याचे पत्रे ही कामे धीराचा माणूस घरी उत्तम करू शकतो, फक्त वेल्डिंगच्या आधी डिझेलची टाकी उतरवावी आणि बॅटरीच्या तारा सोडाव्यात.

भावाच्या गाडीचा हौदा आम्ही रविवारी उतरवला. डाव्या चासीत, मागच्या पाट्याच्या शॅकलजवळ (पाटा चासीला जोडणाऱ्या कडीजवळ), हातोडी आरपार गेली. तेवढा भाग दापोलीला वेल्डरकडे जाईल, बाकीचे खरवडणे शेडमध्ये सुरू आहे. ब्लीचिंग पावडर विहिरीसाठी ठेवली आणि ॲसिडची बाटली मी माझ्याबरोबर घेऊन आलो.