आंबलेलं वेगळं, नासलेलं वेगळं

नमस्कार दादा,

कोंबड्यांना दाणा पाण्यात भिजवून, आंबवून घालण्याच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली तेव्हा राग आला. संध्याकाळी कोंबड्या कोंडून झाल्यावर पुन्हा वाचली, आणि त्यातलं काही खरंच माझ्या पदरात पडायला हवं असं वाटलं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात असं: "कोंबड्यांना सडकं खायला घालायचं आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं. तुमचा लेख वाचून पावसात मका भिजवला. वर हिरवी बुरशी आली ती काढून खालचा घातला. चार दिवसांत तीन कोंबड्या माना टाकून मेल्या. खर्च निम्म्यावर येतो ही तर शुद्ध थाप. असली परदेशी थेरं निपाणीत चालत नाहीत."

आधी थापेचं. तिथं तुम्ही बरोबर आहात. सुका भरडा एक शेर भिजवला की फुगून पावणेदोन शेर दिसतो. मी मापट्यानं मोजत होते, वजन करत नव्हते, आणि बादली भरलेली बघून खर्च निम्मा झाला असं लिहून बसले. फुगलेला भाग पाण्याचा, त्यातून कोंबडीला प्रथिन मिळत नाही. नंतर तराजू लावला. माझ्या चौदा कोंबड्या आहेत. अंड्यावरची कोंबडी दिवसाला साधारण ११० ग्रॅम सुकं खाद्य खाते, त्या हिशेबानं ५० किलोचं पोतं महिनाभर जायचं. आता तेच पोतं पाच-सहा दिवस जास्त पुरतं. वाचतं ते एवढंच. आणि त्यातलाही मोठा वाटा भुकटीचा असावा. सुक्या भरड्यातलं पीठ कोंबड्या मागं ठेवतात, पायानं उधळतात, ते मातीत जातं. ओल्यात ते दाण्याला चिकटून पोटात जातं. जुना लेख आज रात्रीच दुरुस्त करते.

'सडकं' हा शब्द मात्र मी मान्य करणार नाही. आपल्या भाषेत आंबणं, विटणं, नासणं, बुरसणं, कुजणं असे वेगवेगळे शब्द आहेत. भाजी विटते, दूध नासतं, भाकरी बुरसते, आणि इडलीचं पीठ आंबतं. स्वयंपाकघरात हे घोटाळे कुणी करत नाही. दाणा पूर्ण पाण्याखाली बुडाला की हवा तुटते. मग दाण्यावरच असलेले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू वाढतात, तेच जे दह्यात आणि इडलीच्या पिठात काम करतात. पाणी आंबट होत जातं, पीएच चारच्या आसपास येतो. एवढ्या आंबटात साल्मोनेलासारखे जंतू जोर धरू शकत नाहीत. शिवाय धान्यातलं बरंच फॉस्फरस फायटिक आम्लात अडकलेलं असतं, कोंबडीच्या पोटाला ते नीट सोडवता येत नाही. भिजवून आंबवलं की त्यातलं काही मोकळं होतं.

परदेशी थेर म्हणाल तर सौंदत्तीच्या यल्लम्माला काय दाखवतो आपण? आंबीलच ना? घरात नाचणीची आंबील, गोठ्यात म्हशीला भिजवलेली पेंड आणि भुसा घालून आंबोण, आणि कोंबडीपुढं आंबलेला दाणा ठेवला की ते परदेशी! (शेजारच्या मावशींचा आक्षेप तुमच्यापेक्षा मजेशीर होता. बादलीवरचे बुडबुडे बघून म्हणाल्या, "हे काय करूलालीस गं? कोंबड्यास्नी दारू पाजतीस काय?" बादली आठवडाभर विसरलात तर वास तिकडं झुकतो, हे खरं आहे.)

आता तुमच्या तीन कोंबड्या. त्या कशानं गेल्या हे खानापुरात बसून मी सांगणार नाही, पण दोन गोष्टी तुम्हाला विचारायच्या आहेत.

पहिली, मान कशी होती? मुरगळून वर, पाठीकडं वळलेली, सोबत हिरवट हगवण आणि धाप, असं असेल तर मानमोडीचा (राणीखेत रोगाचा) संशय घ्या. लस झाली होती का? पिल्लू पाच-सात दिवसांचं असताना लासोटाचा थेंब आणि पुढं दोनेक महिन्यांचं झाल्यावर आर-टू-बी टोचणं, हे राहिलं असेल तर बादलीचा काही दोष नाही. उरलेल्या कोंबड्या वेगळ्या ठेवा आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा. (आमच्याकडचे डॉक्टर कन्नड. पहिल्यांदा "कोळी एष्टु?" म्हणाले तेव्हा मी गोंधळले, आमच्या वस्तीत कोळी घरंच नाहीत. कोळी म्हणजे कोंबडी, हे तेव्हा कळलं.) पण पाय आधी लुळे पडले असतील आणि मान सैल होऊन जमिनीला टेकली असेल, तर गोष्ट वेगळी. तसं बोट्युलिझममध्ये, म्हणजे एका जिवाणूच्या विषानं येणाऱ्या लुळेपणात होतं, आणि ते विष कुजक्या वस्तूत, मेलेल्या जनावरातल्या अळ्यांत तयार होतं. नीट आंबट झालेल्या पाण्यात तो जिवाणू वाढत नाही. म्हणून बादलीला वास कसा येत होता हे महत्त्वाचं. आंबिलीसारखा आंबट, की नाक धरावं असा?

दुसरी गोष्ट, बुरशी काढून खालचं घातलंत ती. दादा, इथं चूक झाली, आणि तिच्यात माझाही वाटा आहे, कारण "वरचा थर काढावा" असं मी मोघम लिहिलं होतं. माझ्या डोक्यात होती ती पातळ पांढरी साय. ती जंगली यीस्टची असते, ती ढवळली तरी चालते. केसाळ, हिरवी, काळी, पिवळी असं काही दिसलं की बादली पूर्ण रिकामी करायची, कोंबड्या पोचणार नाहीत अशा खड्ड्यात. बुरशीचे धागे आत गेलेले असतात, डोळ्याला फक्त वरचं दिसतं. १९६० साली इंग्लंडात लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेतला तर मूळ ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीत सापडलं. त्या बुरशीच्या विषालाच पुढं अफ्लाटॉक्सिन नाव पडलं. ते आंबवून हमखास जात नाही, शिजवूनही जात नाही. पोत्यातच बुरसलेला मका आंबवला म्हणजे शुद्ध झाला, असं कुणी समजू नये. आपल्याकडं पावसात हाच धोका. कणकुंबीकडं तर आषाढात चुलीवरची काडेपेटीसुद्धा सादळते, तिथं मका काय कोरडा राहणार! भिजवण्याआधी दाणा दाताखाली धरून बघा, कट्‌कन तुटला पाहिजे. दबला तर तो आधीच ओला आहे.

तुम्ही नुसता मका भिजवला होता, तेही खटकलं. मक्यात प्रथिन नऊ टक्क्यांच्या आसपास, अंड्यावरच्या कोंबडीला सोळा-सतरा टक्के लागतं. ते भरून काढायला घरचं कच्चं सोयाबीन बादलीत टाकू नका. बैलहोंगलकडच्या एकांनी तसं केल्याचं मागं कळवलं होतं. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो उष्णतेनं मोडतो, आंबवण्यावर भरवसा ठेवू नये. भाजून भरडा किंवा सरळ पेंड घ्या.

शिंपांचा चुरा बादलीत घालू नका, हे मी स्वतः फसून शिकले. तिसऱ्यांच्या शिंपा कुटून घातल्या तर पाणी आंबटच होईना. होणार कसं, चुना आम्ल खाऊन टाकतो. चुरा वेगळ्या वाटीत ठेवला की ज्या कोंबडीला हवा ती खाते.

बाकी रीत साधीच. प्लास्टिकची बादली किंवा चिनी बरणी, अ‍ॅल्युमिनियमचं पातेलं नको. दाण्यावर चार बोटं पाणी, वर ताटली आणि दगड, म्हणजे एकही दाणा तरंगत नाही. बुरशी येते ती या तरंगणाऱ्या दाण्यांवरच. नळाचं पाणी असेल तर रात्रभर उघडं ठेवून मग वापरा. उन्हाळ्यात दोन दिवस, पावसात तीन-चार. मागच्या बादलीतलं वाटीभर पाणी विरजणासारखं घातलं तर लवकर होतं. ताटलीत उरलेलं संध्याकाळी उचलायचं, पावसात तर दुपारीच.

आणि एक तातडीचं. तो बुरसलेला मका पोत्यात अजून शिल्लक असेल तर "कोंबड्यांना नको तर म्हशीला घालू" असं करू नका. ते विष दुधात उतरतं.