तो इंग्रज नव्हता हो!

आज काळा घोड्याला काम होतं. डेव्हिड ससून लायब्ररीसमोर एक मुलगा रील बनवत होता आणि मोठमोठ्यानं सांगत होता की ही कुठल्यातरी इंग्रज लॉर्डची लायब्ररी. माझं डोकंच फिरलं.

इंग्रज?? अरे, आत जाऊन पुतळा तरी बघ, फेटा, पायघोळ झगा, इंग्रज असा दिसतो का! बगदादचा ज्यू होता डेव्हिड ससून. तिथल्या पाशाच्या, म्हणजे तुर्की सुभेदाराच्या, जाचामुळे पळाला, आधी इराणमधलं बुशहर, मग १८३२ च्या सुमारास मुंबई, आणि इथं पेढी काढली. १८५३ ला ब्रिटिश नागरिकत्व घेतलं तेव्हा सही हिब्रूत केली, इंग्रजी येतच नव्हतं. आठ मुलगे, एकेकाला धंद्यात तयार करून शांघाय, हाँगकाँग, लंडनला बसवलं, म्हणजे जिथं पेढी तिथं घरचंच माणूस.

माझे बाबा गिरगावच्या चाळीत वाढले, एका खोलीत आठ माणसं. दिवसा फोर्टात नोकरी आणि संध्याकाळी याच लायब्ररीत वरच्या व्हरांड्यातल्या लांब खुर्चीत बसून बीएचा अभ्यास. घरी पुस्तक उघडायला जागाच नव्हती हो.

हो, अफूचा पैसा होता, चीनमधली घरं त्यात बुडाली, माहितीये मला, ते कुणी पुसू नये. पण म्हणून बाबांची ती खुर्ची खोटी होत नाही.

आणि आपण तरी काय करतो? पुण्यात रोज कुणी ना कुणी म्हणतं "ससूनला नेलंय" (ससून हॉस्पिटलला), कोळणी पहाटे ससून डॉकला मासळी घ्यायला जातात (तो ससूनच्याच मुलानं बांधला, १८७५ ला), पण हा माणूस कुणाला आठवतो का? १८६४ ला पुण्यातच गेला तो, लाल देवळाच्या, म्हणजे तिथल्या ज्यूंच्या सिनेगॉगच्या, आवारात कबर आहे. आणि वर आपणच म्हणणार, बाहेरच्यांनी येऊन काय केलं! असं ऐकलं की चीड येते, खरंच येते.

त्या मुलाला मी काही बोलले नाही. विशीतला असेल, त्याला कोण सांगणार, मलाही बाबांनीच सांगितलं होतं, हात धरून त्या पुतळ्यापुढे उभं करून, मी चौथीत होते.

घरी येऊन बाबांना फोन केला. रीलचं सगळं ऐकून घेतलं त्यांनी, मग म्हणाले, "मागची बाग आहे ना गं अजून?"

आहे बाबा.