कर्करोगाने तुंबलेली पित्तनलिका आणि स्टेंटविरोधी संदेशातील विधाने

कर्करोगाच्या गाठीमुळे पित्तनलिका बंद होऊन कावीळ झालेल्या रुग्णांच्या नातेवाइकांमध्ये एक संदेश मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्टेंट, म्हणजे पित्तनलिका उघडी ठेवणारी छोटी नळी, घालू देऊ नका, कारण त्याने कर्करोग बरा होत नाही, उलट पसरतो, स्टेंट दोन-तीन महिन्यांत तुंबतोच, धातूचा महागडा स्टेंट सुचवणे ही निव्वळ नफेखोरी आहे, स्टेंटमुळे पुढची शस्त्रक्रिया धोक्याची होते, आणि कावीळ तर झाडपाल्यानेही उतरते. यांपैकी एका विधानात बरेच तथ्य आहे, काहींत अर्धसत्य आहे आणि काही सरळसरळ घातक आहेत. सगळी एकाच ठामपणे सांगितल्यामुळे घाबरलेल्या कुटुंबाला त्यांतला फरक कळणे कठीण जाते, म्हणून ती एकेक करून तपासू.

स्टेंटने कर्करोग बरा होत नाही, हे खरेच आहे आणि कोणताही जबाबदार डॉक्टर तसा दावा करणार नाही. स्टेंटचे काम पित्ताला वाट करून देणे एवढेच असते. पण ती वाट बंद राहिल्यास काय होते, याबद्दल संदेशात अवाक्षरही नाही. यकृत दररोज अर्धा ते एक लिटर पित्त तयार करते. स्वादुपिंडाच्या शीर्षभागातील, पित्ताशयाच्या किंवा खुद्द पित्तनलिकेच्या गाठीने रस्ता अडवला की ते मागे साचते, बिलिरुबिन हे पित्तातले पिवळे रंगद्रव्य रक्तात चढते, लघवी गडद होते आणि शौचाचा रंग पांढुरका, मातीसारखा होतो. सोबत येणारी खाज नातेवाइकांना आधी किरकोळ वाटते. अंगावर पुरळ नसते, ॲलर्जीच्या गोळ्यांनी फारसा उतार पडत नाही, आणि रात्री ती इतकी वाढते की रुग्ण पोटऱ्या आणि पाठ रक्त येईपर्यंत खाजवत जागा राहतो. पित्त आतड्यात न पोहोचल्याने ‘के’ जीवनसत्त्व शोषले जात नाही आणि रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. साचलेल्या पित्तात जंतुसंसर्ग झाला, तर हुडहुडी भरून ताप येतो, रक्तदाब कोसळतो आणि काही तासांत जिवावर बेतू शकते. याखेरीज केमोथेरपीचा प्रश्न आहेच. इरिनोटेकॅनसारखे औषध मोठ्या प्रमाणात यकृत आणि पित्तावाटे शरीराबाहेर पडते. बिलिरुबिन चढलेले असताना ते दिले, तर त्याची विषारी बाजू वाढते. म्हणून अनेक रुग्णांत पित्ताचा मार्ग मोकळा झाल्यावरच कर्करोगाचे खरे उपचार सुरू करता येतात. जो उपाय पुढच्या उपचाराचे दार उघडतो, त्याला निरुपयोगी म्हणणे मला अत्यंत बेजबाबदारपणाचे वाटते.

स्टेंटमुळे कर्करोग पसरतो, या विधानामागे बहुधा घटनाक्रमाचा गोंधळ असावा. कावीळ दिसेपर्यंत अनेक रुग्णांचा आजार आधीच पुढे गेलेला असतो; स्टेंटनंतरच्या तपासणीत तो पसरलेला आढळला, की दोष स्टेंटवर येतो. त्वचेतून यकृतात सुई घालून नळी बसवली जाते, तेव्हा त्या मार्गावर कर्करोगाच्या पेशी रुजल्याचे मोजक्या रुग्णांत आढळले आहे, हे मात्र खरे. त्यामुळे शस्त्रक्रियेची शक्यता असलेल्या रुग्णात नळी कोणत्या मार्गाने घालायची, हे शल्यचिकित्सकाशी बोलून ठरवावे लागते.

स्टेंट तुंबतो, हा आक्षेप प्लास्टिकच्या स्टेंटबाबत योग्य आहे. त्याचा व्यास साधारण तीन मिलिमीटर असतो. काढलेला जुना स्टेंट उभा चिरून पाहिला, तर आत तपकिरी, चिकट गाळ भरलेला दिसतो: जंतूंचा थर, त्यात अडकलेले पित्ताचे क्षार आणि क्वचित अन्नाचे तंतू. म्हणूनच तो तुंबण्याची वाट न पाहता सुमारे तीन महिन्यांनी बदलतात. धातूच्या स्टेंटचे तसे नसते. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची ही जाळी जेमतेम तीन मिलिमीटर जाडीच्या नळीत दाबून बसवलेली असते. तोंडावाटे घातलेल्या दुर्बिणीतून ती गाठीपलीकडे नेऊन वरची नळी मागे ओढली, की क्ष-किरणांच्या पडद्यावर ती दोन्ही टोकांना फुललेली आणि गाठीपाशी आवळलेली दिसते. पुढच्या एक-दोन दिवसांत ती बरीच उघडते. पूर्ण उघडल्यावर व्यास दहा मिलिमीटरपर्यंत, म्हणजे प्लास्टिकच्या तिप्पट होतो आणि पित्ताला मिळणारी जागा त्याहून कितीतरी अधिक वाढते. ॲमस्टरडॅम येथील १९९२ सालच्या तुलनात्मक अभ्यासात धातूचे स्टेंट मध्यमानाने २७३ दिवस चालले, तर प्लास्टिकचे १२६ दिवस. रुग्णांच्या आयुर्मानात मात्र फरक पडला नाही, हेही सांगायलाच हवे. फरक पडतो तो पुन्हा ताप येण्यात, पुन्हा दाखल होण्यात आणि पुन्हा दुर्बीण घालण्यात.

धातूचा स्टेंट कित्येक पटींनी महाग असतो आणि ज्यांना खिशातून पैसे भरायचे आहेत त्यांचा संशय मी समजू शकतो. पण हिशेब करताना दर तीन महिन्यांनी बदलाव्या लागणाऱ्या स्टेंटचा आणि मधल्या जंतुसंसर्गाचा खर्चही धरावा लागतो. धातूचा स्टेंट सर्वांनाच योग्य असतो, असेही नाही. आवरण नसलेल्या जाळीतून गाठ आत वाढते आणि ती नंतर सहसा काढता येत नाही. त्यामुळे कर्करोगाचे निदान पक्के होण्याआधी ती बसवणे चूक ठरू शकते. आवरण असलेला स्टेंट काढता येतो, पण तो जागेवरून सरकण्याची शक्यता अधिक असते.

शस्त्रक्रियेबाबतचे विधान मात्र गांभीर्याने घेण्यासारखे आहे. नेदरलँड्समधील २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात स्वादुपिंडाच्या शीर्षभागाचा कर्करोग असलेल्या २०२ रुग्णांचे दोन गट केले होते. थेट शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली; आधी स्टेंट घालून चार ते सहा आठवडे थांबलेल्यांत हे प्रमाण ७४ टक्के होते. तेव्हा गाठ काढण्याजोगी असेल आणि शस्त्रक्रिया लवकर होणार असेल, तर केवळ बिलिरुबिनचा आकडा पाहून स्टेंट घालू नये, हे आज सर्वसाधारणपणे मान्य आहे. पण त्या अभ्यासात बिलिरुबिन दर डेसिलिटर रक्तात सुमारे १४.६ मिलिग्रॅमपेक्षा जास्त असलेले रुग्ण नव्हते आणि वापरलेले स्टेंट प्लास्टिकचे होते. शिवाय जंतुसंसर्ग झाला असेल, खाज असह्य असेल, शस्त्रक्रिया लांबणार असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल, तर युरोपातील एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनाही स्टेंटच्या बाजूने आहेत. एका विशिष्ट परिस्थितीतला निष्कर्ष सर्व रुग्णांना लावणे, ही संदेशातली मोठी चूक आहे.

झाडपाल्याबद्दल. महाराष्ट्रात काविळीसाठी डोक्यावर माळ घालणारे आणि नाकात देवडांगरीच्या रसाचे थेंब सोडणारे आजही गावोगावी भेटतात. विषाणूंमुळे होणारी ‘ए’ किंवा ‘ई’ प्रकारची कावीळ बहुतेकांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि श्रेय माळेला मिळते. गाठीने बंद केलेली नलिका तशी उघडत नाही. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पोटात न दुखता कावीळ चढत असेल, वजन उतरत असेल, शौच पांढुरकी होत असेल, तर त्याच आठवड्यात सोनोग्राफी झाली पाहिजे; माळ घालून दवडलेले दीड-दोन महिने काढता येण्याजोगी गाठ हाताबाहेर घालवू शकतात.

स्टेंटचे खरे धोके संदेशात आलेलेच नाहीत. दुर्बिणीच्या या प्रक्रियेनंतर काहींना स्वादुपिंडाचा दाह होतो. त्यासाठी गुदद्वारातून इंडोमेथॅसिन हे दाहविरोधी औषध दिल्यास धोका कमी होतो, हे २०१२ च्या अमेरिकेतील अभ्यासात जोखमीच्या रुग्णांत दिसले. रक्तस्राव आणि आतड्याला छिद्र पडणे हेही संभवते. यकृताच्या मुखाशी, म्हणजे डावी आणि उजवी पित्तनलिका एकत्र येतात तिथे असलेल्या गाठीत तर या दोन नलिकांचा एकमेकींशी संबंध तुटलेला असतो. कोणता भाग मोकळा करायचा हे एमआरआय पाहून आधी ठरवले नाही, तर क्ष-किरणांत दिसण्यासाठी सोडलेला औषध-रंग शिरलेला पण निचरा न झालेला भाग पिकतो. आयुष्याचे अगदी थोडे दिवस उरलेल्या आणि खाज किंवा ताप नसलेल्या रुग्णात स्टेंट न घालणेही योग्य ठरू शकते. तेव्हा संमतीपत्रावर सही करण्याआधी विचारायचे ते हे: गाठ काढता येईल का, निदान पक्के आहे का, स्टेंट कोणता आणि का, तो कधी बदलायचा. आणि घरी परतल्यावर थंडी वाजून ताप आला, लघवी पुन्हा गडद झाली, तर तापाची गोळी देऊन सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.