‘दुःखाचा तमाशा’ म्हणणाऱ्या भाऊंना उत्तर

भाऊ, आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या पोरांना घेऊन मी गावात सोंगं घेऊन गोष्ट रचायचा खेळ खेळतो, त्यावरच्या मागच्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “बाप गेलेल्या लेकरांना गोष्टीत सोंगं घ्यायला लावणं म्हणजे त्यांच्या दुःखाचा तमाशा आहे. हे शहरी खूळ, पुस्तकं महाग आणि इंग्रजी, तुम्ही डॉक्टर नाही, आधी कर्जमाफीचं बोला.” वर “जरा लाज बाळगा” हेही. मतभेद असू द्या, पण ही बोलायची रीत नव्हे. मी स्वतःच्या नावाने लिहितो आणि याच गावात राहतो. तुम्ही टोपणनावाने येऊन माझी लाज काढता.

एक मान्य. आमच्या खेळाचं मूळ असलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ साली अमेरिकेत निघाला, त्याची पुस्तकं महागच आहेत आणि आपल्याकडे मिळतात ती इंग्रजीतच आहेत. म्हणून आम्ही ती घेतलीच नाहीत. नियम वहीच्या पानावर मावतात, वीस बाजूंचा फासा तेवढा ऑनलाइन मागवला.

आता तमाशा. तमाशाला बघे लागतात. आमच्या सतरंजीवर बघे नसतात. समाजमंदिरात पाच-सहा पोरं बसतात, नुसतं बघायला आलेल्याला मी उठवतो, मग तो सरपंच का असेना. कोणाच्या घरी काय झालं हे खेळात विचारायचं नाही. गोष्ट टिपेश्वरसारख्या जंगलातली असते, वाटाड्या कोण आणि वैदू कोण हे पोरंच ठरवतात. मधोमध फुली मारलेला एक पत्ता असतो. गोष्टीतलं काही नको झालं की त्याला हात लावायचा. का, हे कोणी विचारायचं नाही, गोष्ट तिथून वळवायची. ही रीत जॉन स्टॅव्ह्रोपोलस यांची, असे खेळ खेळणारे ती देशोदेशी पाळतात.

तिच्या आईला विचारून एक सांगतो. परवा गोष्टीत रात्री दारावर थाप पडली आणि एका पोराने बाहेर वसुलीवाला उभा केला. सातवीतल्या एका पोरीने पत्त्यावर बोट ठेवलं. मी लगेच म्हणालो, बाहेर कोणी नाही, वारा आहे. पण बोट काही हलेना. मग तीच म्हणाली, “राहू द्या त्याले. दार मीच उघडीन.” फासा टाकला, चार पडले, म्हणजे डाव फसला. बाकीच्यांनी आपापले वाटाडे न् वैदू तिच्या पाठीशी आणून उभे केले, आणि सतरंजीवरही सगळे तिच्याकडे सरकून बसले. यात तमाशा कुठला, ते दाखवा.

तमाशा मी पाहिलाय. माझे बाबा गेले तेव्हा मी नववीत होतो. पंचनामा झाला, मग पात्र-अपात्रचा घोळ. सातबारा कोणाच्या नावावर, कर्ज बँकेचं की नात्यातल्याचं, नापिकी होती की दारू. एक लाखाच्या मदतीसाठी आईने तो दिवस येईल त्याला सांगितला, कधी उभ्यानेच. फोटोवाले आले, त्यांनी बाबांची तसबीर माझ्या हातात दिली आणि मला ओट्यावर उभं केलं. ऊन डोळ्यांत येतंय म्हटलं तर म्हणाले, “तसाच राहा.” काय झालं हे सगळ्यांनी विचारलं. तुला आता काय करायचंय, हे एकानेही विचारलं नाही. त्या पोरीला तो प्रश्न दर आठवड्याला विचारला जातो, आणि तिच्या उत्तराने गोष्ट पुढे सरकते. हे ज्याने भोगलं नाही त्याने मला लाज शिकवू नये. कडू लागलं तर लागू द्या.

शहरी खूळ म्हणाल तर सोंगं घेऊन नाचायची आपली विदर्भातली दंडार काय पुण्याहून आली?

डॉक्टर मी नाही, आणि उपचार करतो असं मी कुठेही लिहिलेलं नाही. पोराची झोप उडाली, जेवण सुटलं, जगण्याबद्दल वेडंवाकडं बोलू लागलं की मी घरच्यांना घेऊन जिल्हा रुग्णालय गाठतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर समाजमंदिराच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवलाय. विषय संपला.

कर्जमाफीचं म्हणाल तर २०१७ च्या आणि २०१९ च्या, दोन्ही कर्जमाफ्यांवर याच ब्लॉगवर लिहिलंय, तिथे तुमची एक ओळही दिसली नाही. पुढची यादी लागेपर्यंत त्या पोरीने घरात तोंड मिटून बसावं, हे मला मंजूर नाही.